दिगंबर मास्तरांचा पासवर्ड

"मंत्र परत घेता येतो का, बाबा?"

दिगंबर मास्तर अजून धड टेकलेही नव्हते. टेकडी चढून आल्यामुळे छाती धपापत होती. टोपी हातात, आणि डोळे बाबांवर रोखलेले.

गिरीबाबा वाती वळत होते. मांडीवर कापूस ठेवायचा, हाताचा तळवा फिरवायचा, झालेली वात ताटात ठेवायची. त्यांनी मान वर केली नाही.

"बस आधी."

"बसायला नाही आलो. तुमची वस्तू तुम्हाला परत करायला आलोय."

"काय दिलं होतं मी?"

मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मंत्र कोणापुढे उच्चारायचा नाही ही सवय इतकी अंगात मुरलेली, की परत करतानाही तो जिभेवर येईना.

"बघ," बाबा म्हणाले. "टाकायला आलास आणि धरूनच उभा आहेस."

मास्तर बसले.

कांदळगावच्या टेकडीवरचा हा मठ म्हणजे पत्र्याची एक शेड, आत धुनी, शेजारी एक अंधारी खोली आणि मागे कडुलिंब. बाबा पूर्वाश्रमी तारखात्यात होते. लोकांच्या मरणाच्या तारा घेऊन घेऊन जीव विटला म्हणून वर येऊन बसले, असं खाली गावात बोललं जाई. बाबा स्वतः त्यावर काही बोलत नसत.

मास्तर त्याच गावचे, रिटायर्ड हेडमास्तर. शाळेतून निवृत्त झाले तरी त्यांचा तास काही संपला नव्हता. भाजीवाल्याचा हिशोब ते तपासून देत, पोस्टमनच्या बुटांकडे बघून भुवई उंचावत, आणि गावानंही हे सारं मुकाट चालवून घेतलं होतं, कारण माणूस सचोटीचा होता. नियम म्हणजे नियम. स्वतःसाठीसुद्धा.

"प्रमिला गेली तेव्हापासून तू वर आला नाहीस," बाबा म्हणाले.

"येऊन काय करणार होतो?"

"रडला असतास."

"मला रडायचं नाही. मला एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे. सरळ. हो किंवा नाही."

"विचार."

मास्तरांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. बोलण्याची तयारी त्यांनी घरून करून आणली होती. वाट चढताना सगळं पुन्हा पुन्हा घोकलं होतं.

"अनुग्रह दिलात तेव्हा तुम्ही सांगितलं होतं, कानातलं कानातच ठेव. बायकोला सांगायचं नाही, लेकराला सांगायचं नाही. मी नाही सांगितलं. तुमचा शब्द पाळला. मी चुकलो का?"

...

बाबांचा तळवा मांडीवर फिरत राहिला.

"कोणी विचारला होता तुला मंत्र?"

"कोणीच नाही."

"मग?"

मास्तरांनी खिशातून फोन काढला आणि दोघांच्या मधे जमिनीवर ठेवला. काळी, गुळगुळीत पाटी. कडुलिंबाची एक फांदी तिच्यात उलटी दिसत होती.

"हा मधे आला," ते म्हणाले.

* * *

फोन दिवाळीला आला होता. मेघना, मास्तरांची एकुलती लेक, हैदराबादहून येताना घेऊनच आली. तोवर घरात बटणांचे दोन साधे फोन होते, एक मास्तरांचा आणि एक त्यांच्या पत्नीचा, प्रमिलाताईंचा. मास्तरांनी आधी नाक मुरडलं. मग हातात घेऊन बघितला. मग काही तो त्यांच्या हातातून सुटेना.

मेघनानं फराळाच्या गडबडीत बसून सगळं लावून दिलं. सिम घातलं, खातं उघडलं, अक्षरं मोठी केली.

"अण्णा, ह्याला कुलूप लावायलाच हवं. तुमची पेन्शन, आधार, सगळं ह्याच्यात येणार. अंगठा ठेवू का तुमचा?"

"छे. दुपारी माझा डोळा लागला की कोणीही येऊन अंगठा टेकवून घेईल."

"घरात आईशिवाय आहे कोण?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

मेघनानं आईकडे बघितलं. आई करंज्यांकडे बघत होती. तत्त्वाचा प्रश्न निघाला की त्या घरात दोघीजणी कामाला लागत.

"बरं. मग पासवर्ड ठेवा. जन्मतारीख नको, माझं नाव नको, घराचं नाव नको. लोक पहिल्यांदा तेच घालून बघतात. जे जगात फक्त तुम्हालाच ठाऊक आहे असं काहीतरी."

मास्तर थांबले.

सबंध आयुष्य त्यांनी चारचौघांत काढलं होतं. त्यांचा पगार गावाला ठाऊक, आजार गावाला ठाऊक, रागलोभ गावाला पाठ. फक्त त्यांना ठाऊक असं त्यांच्यापाशी एकच होतं.

त्यांनी फोन छातीशी धरला, वर डावा हात आडवा घेतला, आणि इंग्रजी अक्षरांत तो लहानसा मंत्र टाइप केला. मनातून त्यांना फार बरं वाटलं. दिवसातून जितक्या वेळा फोन उघडेल तितक्या वेळा जप होईल. असं कोणाला सुचलं असतं?

"आईचं बोट तरी घालून ठेवू," मेघना म्हणाली. "अडीअडचणीला असावं."

प्रमिलाताई हसत उठून आल्या. हाताला पीठ होतं. त्यांनी पदराला हात पुसला आणि अंगठा पुढे केला.

"नको," मास्तर म्हणाले. "दोन किल्ल्या झाल्या तर ते कुलूप कसलं?"

अंगठा थोडा वेळ तसाच पुढे राहिला. मग ताईंनी तो पुन्हा एकदा पदराला पुसला आणि त्या करंज्यांकडे गेल्या.

त्या काही बोलल्या नाहीत. रुसल्याही नाहीत. हेच आता मास्तरांना राहून राहून आठवत होतं. भांडली असती तर बरं झालं असतं.

* * *

"मग तिचा फोन कुठे होता?" बाबांनी विचारलं.

"कपाटात."

"का बरं?"

"ह्याच्यात दोन सिम बसतात. मी तिचं सिमही ह्यातच घातलं. म्हटलं, दोन दोन फोन सांभाळायचे कशाला?"

"ती काही म्हणाली?"

"म्हणाली, मग मला मेघनाला फोन करायचा असला तर? मी म्हटलं, मला सांगत जा, मी लावून देईन."

"लावून द्यायचास?"

"द्यायचो की. समोर धरायचो. ती बोलायची. आधी ती आपल्या फोनवरून मेघनाला इंग्रजी अक्षरांत निरोप लिहायची. जेवलीस का. निजलीस का. सातवी शिकलेली बाई, एकेक बटण शोधून लिहायची. मग ते बंद पडलं."

बाबांनी झालेली वात ताटात ठेवली. दुसरा कापूस घेतला.

खाली गावात कुठेतरी बांगेची तयारी चालली असावी, भोंगा खरखरून गप्प झाला. ऊन उतरणीला लागलं होतं. मठात तशी कोणाची ये-जा नव्हती.

"सांग," बाबा म्हणाले.

"काय सांगू?"

"जे सांगायला टेकडी चढलास ते."

...

"वैशाख होता," मास्तर म्हणाले. "ज्येष्ठ नागरिक संघात माझं व्याख्यान होतं. दुपारचं. संघानं पत्रिका वगैरे काढली होती. विषय होता, पहिला स्मार्टफोन: ओळख आणि सुरक्षा."

"तू बोललास?"

"मीच. गावात माझ्याइतकं कोणाला येत होतं? सगळे मलाच विचारायला यायचे."

दुःखातही मास्तरांची मान जराशी ताठ झाली. मग त्यांच्या ते ध्यानात आलं, आणि मान खाली गेली.

"फोन बरोबर नेला नाहीस?"

"चार्जिंगला लावला होता. आणि व्याख्यान चालू असताना वक्त्याचाच फोन वाजला तर शोभत नाही."

"काय सांगितलंस लोकांना?"

"ते कशाला आता?"

"सांग की. मलाही कळू दे."

मास्तर एका सुरात, वर्गात सांगावं तसं, सांगू लागले. "ओटीपी कोणालाही द्यायचा नाही. अनोळखी लिंक उघडायची नाही. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला काही सांगायचं नाही, फोन ठेवून द्यायचा. भलतीकडून अॅप घ्यायचं नाही. पासवर्ड..."

"पासवर्ड?"

"पासवर्ड सख्ख्या बायकोलाही सांगायचा नाही."

"लोक हसले?"

"हसले. टाळ्या वाजवल्या."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"आणखी, मास्तर."

मास्तरांचा आवाज खाली आला.

"फोनला कुलूप असलं तरी खाली तातडीच्या कॉलची एक ओळ असते. बारीक अक्षरात. ती दाबली की पासवर्ड न घालताही मदतीचा नंबर लावता येतो. हे मी मुद्दाम दोनदा सांगितलं. फळ्यावर आकृती काढून दाखवली."

"घरी दाखवलं होतंस?"

...

"राहून गेलं."

मास्तरांना वाटलं, आता बाबा बोलतील. रागावले असते तरी चाललं असतं. रागावलेल्या माणसाशी वाद घालता येतो, आणि वादात मास्तर कधी हरले नव्हते.

पण बाबा नुसती वात वळत राहिले.

"दुपारी तिच्या छातीत दुखायला लागलं," मास्तर म्हणाले. "घरात एकटी. आमची ती नवी कॉलनी, उन्हाळ्याचे दिवस, सगळ्यांची दारं लावलेली आणि कूलर सुरू. हाका मारल्या असतील तिनं. कूलरच्या घरघरीत कोणाला ऐकू जाणार? उठता येईना. पलंगाजवळ खाली पडली. फोन तिथेच, हाताशी. तो तिनं ओढून घेतला."

"आणि?"

"आणि काय, बाबा? कुलूप होतं."

आता त्यांचं घोकून आणलेलं संपलं होतं. पुढचं त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याची जुळणी झालेली नव्हती.

"नलिनीवहिनी, शेजारच्या, इडलीपात्र मागायला आल्या. त्यांनी बघितलं. मला बोलवायला माणूस पाठवला. मी टाळ्या घेत होतो. हार घातला होता त्यांनी मला. तसाच धावत आलो, गळ्यात हार घेऊन."

"जिवंत होती?"

"होती. पलंगाच्या पायाला टेकून. हातात फोन घट्ट धरलेला. माझ्याकडे बघितलं. ओठ हलत होते. नलिनीवहिनींना वाटलं पाणी मागतेय, त्या पाणी आणायला गेल्या. जीपमध्ये घातलं तिला, दवाखाना यायच्या आधीच..."

त्यांनी टोपी चुरगाळली.

"डॉक्टर म्हणाले, दुखायला लागलं तेव्हाच आणलं असतं तर. एवढंच म्हणाले. वाक्य पुरंही केलं नाही."

...

"मग संध्याकाळी फोन माझ्या हातात दिला कोणीतरी. त्यावर लिहिलं होतं, चुकीचा पासवर्ड, थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा. म्हणजे तिनं खूपदा घालून बघितलं. सहजासहजी सोडलं नाही तिनं."

"काय घालून बघितलं?"

"ते कळत नाही. त्यात नुसते काळे ठिपके दिसतात. मागं काही राहत नाही." मास्तर जमिनीवरच्या त्या काळ्या पाटीकडे बघत होते. "मी रोज विचार करतो, बाबा. आधी मेघनाचं नाव घातलं असेल. मग माझं. मग कुलदैवताचं. मग..."

"मग?"

"मग स्वतःचं घातलं असेल. नवऱ्यानं आपलं नाव ठेवलं असेल, असं तिला एकदा तरी वाटलं असेल."

एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. कडुलिंबाखाली एक खार आली होती, ती काहीतरी उचलून पळाली.

"मेघनाला ठाऊक आहे?"

"काय सांगू तिला? कुलूप तिनंच लावून दिलं होतं. मी सांगितलं, आई फोनपर्यंत पोचलीच नाही."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. पण तो अंगठा तिनंही बघितला होता, बाबा. ती विचारत नाही. रोज फोन करते, जेवलात का विचारते, ते मात्र विचारत नाही."

* * *

बाबांनी कापसातली एक सरकी काढून बाजूला टाकली.

"मंत्र का परत द्यायचा तुला?"

"जपाला बसलो की ते ठिपके दिसतात. आणि फोन उघडायला गेलो की जप होतो. दोन्ही एकमेकांत अडकलंय. मला दोन्ही नको."

"पासवर्ड बदलून टाक. तुला येतं की."

"हात होत नाही."

"का?"

"तिनं मरतामरता जे उघडायची धडपड केली, ते मी दोन मिनिटांत बदलून मोकळा होऊ?" मास्तरांचा आवाज चढला. "आणि मी माझ्या मनानं काही केलेलं नाही. मेघना म्हणाली, फक्त तुम्हाला ठाऊक आहे ते ठेवा. तुम्ही म्हणालात, कोणाला सांगू नका. दोन्ही मी तंतोतंत पाळलं. जगात मी एकटाच असेन ज्यानं दोन्ही पाळलं! मग माझ्याच वाट्याला हे का?"

पत्र्याखाली त्यांचा आवाज घुमला आणि विरला.

"ते मीच सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "कानातलं कानात ठेव म्हणून."

मास्तरांना हे अपेक्षित नव्हतं. दार ढकलायला जावं आणि ते उघडंच असावं, तसे ते अडखळले.

"तुम्हाला दोष नाही देत मी," ते म्हणाले. पण ते खरं नव्हतं, आणि दोघांनाही ते कळलं.

"दाखव. उघड तो."

मास्तरांनी फोन उचलला. बाबांकडे पाठ केली, डावा हात आडवा धरला, आणि बोट चालवलं. फोन उघडला. मग ते वळले.

बाबा त्यांच्याकडे बघत होते.

"माझ्यापासून लपवतोस?"

मास्तर ओशाळले. "सवय..."

"मी दिलेलं माझ्यापासूनच?"

"चुकलं, बाबा."

"असू दे." बाबांनी पुन्हा तळवा मांडीवर ठेवला. "प्रमिलाला ते ठाऊक नव्हतं, ही खात्री आहे तुझी?"

"शंभर टक्के. कसं ठाऊक असणार? स्वप्नातसुद्धा मी बोललो नाही. तो शब्द जगात दोघांनाच ठाऊक. एक मी आणि एक तुम्ही."

बाबांचा तळवा थांबला.

मांडीवरची वात अर्धीच वळलेली होती. बोटांचा दाब गेला तशी ती हळूहळू उलगडून पुन्हा कापूस झाली.

...

"आण इकडे."

मास्तरांनी फोन दिला. एव्हाना त्याचा उजेड गेला होता. बाबांनी बाजूचं बटण शोधलं, दाबलं. पासवर्डची रिकामी चौकट आली. बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेला, आणि तारेच्या यंत्रावर झिजलेलं उजव्या हाताचं ते बोट एकेका अक्षरावर ठेवत गेले. एक काळा ठिपका. मग दुसरा. मग पुढचे.

फोन उघडला.

"तुमच्या हातून उघडणारच," मास्तर म्हणाले. "तुमचाच आहे तो."

बाबांनी उघडा फोन जमिनीवर ठेवला. बोट मात्र तसंच पुढे राहिलं. त्या बोटाकडे बघून मास्तरांना पदराला पुसून पुढे केलेला अंगठा आठवला.

"अनुग्रहाला तुम्ही दोघं बरोबर आला होतात," बाबा म्हणाले.

"हो."

"आधी आत कोण आलं?"

"मी. मी बाहेर आल्यावर ती गेली. लगेच."

मास्तरांना तो दिवस लख्ख आठवत होता. शेजारच्या त्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर येताना ते जमिनीला पाय लागत नसल्यासारखे चालत होते. बाबांनी आपल्याला पारखलं, आपली योग्यता बघून आपल्या मापाचा मंत्र काढून दिला, असं त्यांना वाटलं होतं. अजूनही वाटत होतं. प्रमिलेला काय, बायकांना झेपेल असं साधंसुधं काहीतरी दिलं असेल. उतरताना सबंध वाटभर ते तिला मंत्रसाधनेवर सांगत होते, आणि ती मान हलवत पायाखाली बघून चालत होती.

"सकाळी तुळशीपुढं ती जप करायची?"

"रोज. नुसते ओठ हलायचे."

"ऐकलास कधी?"

"कसा ऐकणार? दुसऱ्याचा मंत्र कानावर पडू देऊ नये. ती तुळशीपाशी आली की मी उठून आत जायचो. एक दिवस चुकवलं नाही."

हेही त्यांनी थोड्या अभिमानानंच सांगितलं.

"आणि त्या दिवशी?" बाबांनी विचारलं.

"कोणत्या?"

"तू धावत आलास. पलंगाजवळ ती होती. हातात फोन होता. ओठ हलत होते."

मास्तर चुरगाळलेली टोपी सरळ करू लागले.

"पाणी मागत होती?"

"नाही," मास्तर म्हणाले. "नलिनीवहिनींना तसं वाटलं. मी जवळ गेलो. गुडघ्यावर बसलो. कान तिच्या तोंडापाशी नेला. मला वाटलं काही सांगायचं असेल."

"आणि?"

"एका श्वासापुरतं ऐकलं. कळलं, ती सांगत काही नाहीये. जप चाललाय."

"मग?"

...

"मग, मास्तर?"

"मग मी कान बाजूला घेतला."

दिवेलागणीची वेळ झाली होती. रोज या वेळेला बाबा उठून समईत वात घालत. आज ते उठले नाहीत. ताटात वातींचा ढीग तसाच पडून होता. जमिनीवरच्या फोनचा उजेड आधी मंद झाला आणि मग विझला.

मास्तरांच्या डोक्यात काहीतरी हळूहळू, फार हळूहळू सरकत होतं. ते थांबवता आलं तर बरं, असं त्यांना वाटत होतं. जन्मभर त्यांनी पोरांना सांगितलं होतं, प्रश्न पडला की विचारायला लाजू नका. हा एक प्रश्न विचारू नये असं त्यांना आतून कळत होतं, आणि न विचारता टेकडी उतरता येणार नाही हेही कळत होतं.

"बाबा..."

बाबांनी मान वर केली. त्यांचे डोळे भरलेले होते. गुरूच्या डोळ्यांत पाणी मास्तरांनी पहिल्यांदाच बघितलं.

"बाबा, तिला कुठला दिला होता?"

...

"माझ्या गुरूंनी मला एकच दिला होता, मास्तर."